जीवाणूंविरुद्ध प्रकाश आणि ध्वनी

पावसाळा तोंडावर आला की घरातील गाद्या, गोधड्या आणि साठवणीचे धान्य कडक उन्हात घालण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. ऊन लागले म्हणजे कुबट वास जातो व वस्तू टिकते, हे अनुभवाने सिद्ध झालेले ज्ञान आहे. प्रयोगशाळेत त्याची पडताळणी झाली ती 1877 साली. आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट या दोघा इंग्रज संशोधकांनी पोषक द्रवाने भरलेल्या काही काचनळ्या उन्हात ठेवल्या व काही झाकून अंधारात ठेवल्या. अंधारातील नळ्यांत जीवाणूंची वाढ होऊन द्रव गढूळ झाला. उन्हातील नळ्या स्वच्छ राहिल्या. पुढे त्यांना असेही दिसून आले की, सूर्यप्रकाशातील तांबड्या भागापेक्षा निळ्या-जांभळ्या भागाचा हा परिणाम अधिक तीव्र असतो.

उन्हाचा हा गुण हवा तेथे, हवा तेव्हा आणि अनेक पटींनी तीव्र करून वापरता येईल काय, असा प्रश्न आजचे संशोधक विचारीत आहेत. जेथे ऊन पोहोचत नाही तेथे त्याचे काम ध्वनीकडून करवून घेता येईल काय, हा त्याला जोडूनच येणारा दुसरा प्रश्न होय. या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी अतिसूक्ष्म कणांची एक युक्ती आहे. ती समजून घेणे हा या लेखाचा उद्देश आहे. बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत या युक्तीच्या निरनिराळ्या अंगांवर काम झालेले असल्यामुळे आपण प्रामुख्याने त्याच कामाच्या आधारे पुढे जाऊ.

नव्या साधनाची गरज का?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध 1928 साली लागला. भारतात प्रतिजैविकांचे उत्पादन व्हावे म्हणून 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. ज्या जखमांनी व तापांनी पूर्वी माणसे हमखास दगावत, ती या औषधांमुळे वाचू लागली. परंतु फ्लेमिंग यांनीच 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात एक इशारा देऊन ठेवला होता. औषधाची मात्रा अपुरी पडली तर जीवाणू मरणार नाहीत, उलट ते त्या औषधाला दाद न देण्यास शिकतील, असा त्याचा आशय होता.

हा इशारा दुर्दैवाने खरा ठरला. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे प्रत्यक्ष मृत्युमुखी पडली, असा अंदाज 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत मांडण्यात आला.

असे का व्हावे? बहुतेक प्रतिजैविके जीवाणूच्या शरीरातील एखाद्या विशिष्ट ठिकाणी आघात करतात. पेनिसिलिनचेच उदाहरण घ्या. जीवाणूच्या भिंतीची वीण घालणाऱ्या प्रथिनांना ते चिकटते व भिंतीचे बांधकाम थांबवते. कुलपाला किल्ली लागावी तसा हा प्रकार आहे. जीवाणूने कुलूप थोडे बदलले, किल्ली मोडणारे एखादे विकर तयार केले किंवा आत आलेले औषध बाहेर फेकून दिले, की त्याची सुटका होते. जीवाणूंची एक पिढी कधीकधी अर्ध्या तासातच पुरी होते. त्यामुळे कोट्यवधी पेशींपैकी एखादीला असा बदल साधला, तरी अल्पावधीत तिची संतती सर्वत्र पसरते.

तेव्हा कोणत्याही एका कुलपावर अवलंबून नसणारे, एकाच वेळी भिंत, प्रथिने व आनुवंशिक द्रव्य या सर्वांवर घाव घालणारे साधन मिळाले, तर जीवाणूला त्यातून वाट काढणे पुष्कळच कठीण जाईल. जो ऑक्सिजन आपण श्वासावाटे घेतो, त्याच्याच काही अस्थिर रूपांत हे सामर्थ्य आहे.

प्रकाशाने जागा होणारा कण

म्यूनिक येथे ऑस्कर राब नावाचा वैद्यकाचा एक विद्यार्थी 1897–98 च्या सुमारास ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामीशियम या एकपेशीय प्राण्यांवर होणारा परिणाम तपासत होता. रंगद्रव्याचे प्रमाण तेच असूनही प्राण्यांना मरण्यास लागणारा वेळ मात्र कमीअधिक होई. हा फरक खोलीतील उजेडामुळे पडतो, हे त्याच्या ध्यानात आले. अंधारात ते रंगद्रव्य जवळजवळ निरुपद्रवी होते, उजेडात ते घातक ठरत होते. त्याचे गुरू हेर्मान फोन टापायनर यांनी पुढे असे दाखवून दिले की, या क्रियेस प्रकाश व रंगद्रव्य यांच्या जोडीला ऑक्सिजनही लागतो. या तिन्हींपैकी एक जरी नसले तरी क्रिया घडत नाही.

हेच काम घन पदार्थाकडूनही करवून घेता येते. टिटॅनियम डायऑक्साइड हा भिंतींच्या पांढऱ्या रंगात वापरला जाणारा परिचित पदार्थ आहे. तो अर्धसंवाहक आहे. अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनांची तुलना दुमजली घरातील रहिवाशांशी करता येईल. सर्व रहिवासी खालच्या मजल्यावर दाटीने राहतात व वरचा मजला रिकामा असतो. दोन मजल्यांमध्ये जिना नाही. वर जायचे तर एका उडीतच गेले पाहिजे. टिटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेझ या रूपात ही उडी सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या ऊर्जेची असते. ही ऊर्जा देण्यास दृश्य प्रकाश अपुरा पडतो. त्यासाठी जंबुपार किरण लागतात.

असा किरण पडला की इलेक्ट्रॉन वर जातो आणि खाली त्याची जागा रिकामी होते. वर गेलेला इलेक्ट्रॉन कणाच्या पृष्ठभागाशी असलेल्या ऑक्सिजनला मिळतो व सुपरऑक्साइड तयार होते. खालची रिकामी जागा जवळच्या पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेते व हायड्रॉक्सिल हा मुक्त मूलक निर्माण होतो. हायड्रॉक्सिल मूलक इतका उतावळा असतो की, समोर येईल त्या रेणूशी तो तत्काळ संयोग पावतो. पेशीच्या आत त्याचे आयुष्य सेकंदाच्या सुमारे एक अब्जांशाइतके असते व तेवढ्यात तो काही नॅनोमीटरच पुढे जाऊ शकतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा निचरा करणारी विकरे पुष्कळ जीवाणूंजवळ असतात. हायड्रॉक्सिल मूलकाला थोपवील असे विकर मात्र कोणत्याही सजीवापाशी नाही.

जपानमधील आकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी 1972 साली टिटॅनियम डायऑक्साइड व प्रकाश यांच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून दाखविले. पुढे 1985 साली तादाशी मात्सुनागा व त्यांचे सहकारी यांनी अशाच चूर्णावर प्रकाश टाकून जीवाणू व यीस्ट यांच्या पेशी मारता येतात, हे सिद्ध केले.

कण अतिसूक्ष्म का हवेत, हेही येथेच स्पष्ट होते. सर्व क्रिया कणाच्या पृष्ठभागावर घडते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे 10 नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्व तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग 600 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे जमिनीएवढा भरतो. शिवाय मूलकाची झेप काही नॅनोमीटरांचीच असल्याने कण जीवाणूला अगदी खेटून असावा लागतो. ई. कोलाय हा आतड्यातील परिचित जीवाणू सुमारे 2,000 नॅनोमीटर लांब असतो. त्याच्या अंगावर असे शेकडो कण चिकटू शकतात.

ध्वनीचे निराळे मार्ग

प्रकाशाची एक मोठी अडचण आहे. तो शरीरात खोलवर जात नाही. जंबुपार किरण त्वचेच्या वरच्या थरांतच शोषले जातात. तांबडा व अवरक्त प्रकाश अधिक खोल जातो, पण तोही काही मिलिमीटर, फार तर एखादा सेंटिमीटर. गढूळ पाण्यातही हीच अडचण येते. ध्वनीचे तसे नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडील श्राव्यातीत ध्वनी मऊ ऊतींतून कित्येक सेंटिमीटर आत जाऊ शकतो. सोनोग्राफीत गर्भाचे चित्र मिळते ते याच गुणामुळे.

मग प्रकाशाऐवजी ध्वनीच का वापरू नये? येथे एक मूलभूत अडथळा आहे. इलेक्ट्रॉनाला वरच्या मजल्यावर नेण्यास 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा एका झटक्यात लागते. सेकंदाला दहा लाख कंपने असलेल्या ध्वनीच्या एका पुंजात मात्र एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारे चार अब्जांशाइतकीच ऊर्जा असते. सत्तर कोटींहून अधिक पुंज एकत्र यावेत तेव्हा एक उडी साधेल. म्हणजे ध्वनी इलेक्ट्रॉनाला सरळ उचलू शकत नाही. विखुरलेली ऊर्जा एका ठिकाणी गोळा करणारा कोणी मध्यस्थ त्याला हवा.

असे दोन मध्यस्थ ज्ञात आहेत. पहिला म्हणजे द्रवातील बुडबुडा. तीव्र श्राव्यातीत ध्वनी पाण्यातून जात असता दाब क्षणाक्षणाला कमी-अधिक होतो. दाब घटला की सूक्ष्म बुडबुडे फुगतात आणि वाढला की ते कोसळतात. कोसळताना आतील वायू इतका दाबला जातो की, क्षणभर हजारो अंश तापमान निर्माण होते. त्या उष्णतेने पाण्याचे रेणू फुटतात व हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. कधीकधी बुडबुड्यातून प्रकाशाची ठिणगीही निघते. जर्मनीतील कोलोन येथे फ्रेन्झेल व शुल्टेस यांनी ही ध्वनिदीप्ती 1934 साली नोंदविली. या ठिणगीत जंबुपार किरणही असतात. त्यामुळे जवळचा टिटॅनियम डायऑक्साइडचा कण अंधारातही जागा होऊ शकतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. बुडबुडा कोसळताना द्रवाला बसणारा धक्का पेशीची भिंतही फाडू शकतो. ध्वनीच्या माऱ्याने जीवाणू मरतात हे न्यूटन हार्वी व आल्फ्रेड लूमिस यांनी 1929 सालीच दाखविले होते.

दुसरा मध्यस्थ म्हणजे दाबविद्युत् गुण असलेला स्फटिक. क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला असता त्याच्या समोरासमोरील पृष्ठांवर परस्परविरुद्ध विद्युत्भार प्रकट होतात, हा शोध जाक व प्येर क्यूरी या बंधूंनी 1880 साली लावला. बेरियम टिटॅनेट व झिंक ऑक्साइड यांच्या सूक्ष्म कणांतही हा गुण असतो. ध्वनिलहरींनी असा कण दाबला व सोडला जातो, तसतसे त्याच्या पृष्ठांवरील विद्युत्भार बदलत राहतात. त्यांच्या ओढीने कणातील इलेक्ट्रॉन एका बाजूस व रिकाम्या जागा दुसऱ्या बाजूस जमतात. पुढील क्रिया प्रकाशाच्या बाबतीत सांगितली तीच.

बेंगळुरूमधील काम

प्रकाश आणि ध्वनी यांची सांगड बेंगळुरूला नवी नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन 1933 साली भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून त्या काळच्या बंगलोर शहरी आले. श्राव्यातीत ध्वनी वाहत असलेल्या द्रवातून प्रकाशशलाका गेली असता तिचे अनेक शलाकांत विभाजन होते, असे 1932 साली अमेरिकेत व फ्रान्समध्ये दिसून आले होते. रामन व त्यांचे तरुण सहकारी नागेंद्र नाथ यांनी 1935–36 मध्ये या घटनेची गणिती उपपत्ती मांडली. ध्वनीमुळे द्रवात पडणारे दाट व विरळ पट्टे प्रकाशाच्या दृष्टीने एखाद्या जाळीसारखे काम करतात, असे तिचे सार आहे. या घटनेत प्रकाशाची फक्त दिशा बदलते, द्रवाचे रासायनिक रूप तेच राहते. द्रवात रासायनिक बदल घडवायचा तर ध्वनी व प्रकाश यांच्या सोबतीला उत्प्रेरक कण हवेत. त्यांची तयारी याच संस्थेत अर्ध्या शतकानंतर झाली.

संस्थेतील काशिनाथ पाटील व त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1980 नंतरच्या दशकात सूक्ष्म ऑक्साइडे बनविण्याची एक सोपी रीत विकसित केली. धातूचे नायट्रेट आणि यूरिया किंवा ग्लायसीन यांसारखे सेंद्रिय इंधन पाण्यात विरघळवून ते द्रावण तापलेल्या भट्टीत ठेवायचे. पाणी उडून गेल्यावर मिश्रण आपोआप पेट घेते व काही मिनिटांत फेसासारखे हलके चूर्ण हाती येते. दिवसेंदिवस भट्टी पेटती ठेवण्याची गरज राहत नाही.

पुढे एम. एस. हेगडे, गिरिधर मद्रास व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने सुमारे 10 नॅनोमीटर आकाराचे टिटॅनियम डायऑक्साइडचे कण तयार केले. त्यासंबंधीचे लेख 2003 व 2004 साली प्रसिद्ध झाले. हे कण काही प्रमाणात दृश्य प्रकाशही शोषतात, असे त्यांना आढळले. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात जंबुपार किरणांचा वाटा अवघा 5 टक्क्यांच्या आसपास असतो. आर. विनू व मद्रास यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्यातील रंगद्रव्यांवर हे कण, जंबुपार प्रकाश व श्राव्यातीत ध्वनी यांचा एकाच वेळी प्रयोग केला. केवळ प्रकाश किंवा केवळ ध्वनी वापरल्यावर रंगद्रव्य ज्या वेगाने नष्ट होते, त्याहून अधिक वेगाने ते दोहोंच्या संयोगाने नष्ट झाले. ध्वनी स्वतः मूलक निर्माण करतोच. त्याखेरीज तो कणांच्या गुठळ्या फोडतो आणि त्यांचे पृष्ठभाग धुऊन स्वच्छ ठेवतो, त्यामुळे प्रकाशाला काम करण्यास मोकळी जागा मिळते. शरद सोनटक्के, जयंत मोडक व मद्रास यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्वलनरीतीने केलेल्या टिटॅनियम डायऑक्साइडने प्रकाशाच्या साहाय्याने ई. कोलाय हा जीवाणू व पिकिया पास्टोरिस हे यीस्ट कसे निष्क्रिय होतात, याचा तपास केला.

मुंबईतही माटुंगा येथे, आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, अनिरुद्ध पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी याला लागून असलेले काम केले. बुडबुडे कोसळवून विहिरीचे पाणी निर्जंतुक करता येते, हे त्यांनी 2001 साली दाखविले. ध्वनीने बुडबुडे निर्माण करण्यापेक्षा पाणी अरुंद छिद्रांतून जोराने नेऊन ते निर्माण करणे मोठ्या प्रमाणावरील कामास कमी खर्चाचे पडते, हा त्यांचा निष्कर्ष व्यवहाराच्या दृष्टीने मोलाचा आहे.

सामर्थ्य आणि मर्यादा

येथवर पाहिलेल्या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. कण हे स्वतः विष नसून विष तयार करणारी लहानशी भट्टी आहे. प्रकाश अथवा ध्वनी सुरू असेतोवर ती पेटते, बंद होताच विझते, आणि तिच्यातून निघालेले विष निमिषार्धात नाहीसे होते. या साधनाचे सर्व गुण यातून निघतात व सर्व दोषही यातूनच निघतात.

गुण असे की, घाव हवा तेथेच घालता येतो. औषध रक्तातून सर्व शरीरभर फिरत नाही. अपुऱ्या मात्रेचे अवशेष सांडपाण्यात साचून तेथील जीवाणूंना प्रतिकाराचे शिक्षण देत नाहीत. घाव एकाच वेळी अनेक ठिकाणी बसत असल्याने एखाद्या बदलाने सुटका होणे अवघड असते. मात्र ते अशक्यच आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. ऑक्सिजनच्या अस्थिर रूपांशी जीवाणू अब्जावधी वर्षे झुंजत आले आहेत व अर्धवट घायाळ झालेली पेशी आपली दुरुस्ती करू शकते.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक राहते व पुढील वाटेतही पाण्याचे रक्षण करते. प्रकाशाने शुद्ध केलेल्या पाण्याला असे संरक्षण नसते. शिवाय त्यातील कण गाळून काढावे लागतात किंवा आधीच काच अथवा तत्सम पृष्ठावर पक्के बसवावे लागतात. शरीरातील उपचारात मूलक जीवाणू आणि माणसाची पेशी यांत भेद करीत नाही. तो भेद कण नेमका कोठे ठेवला यावरच अवलंबून असतो. पू साचलेल्या खोल जागी ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे क्रिया मंदावते. ध्वनी हवेच्या थरातून व हाडातून नीट जात नाही. सोनोग्राफीच्या वेळी त्वचेवर जेली लावतात ती मधली हवा काढून टाकण्यासाठीच. तेव्हा हवेने भरलेल्या फुप्फुसाचा रोग या मार्गाने हाताळणे कठीण आहे. आणि कण शरीरात मागे राहिले तर काय, हा प्रश्न उरतोच. खाद्यपदार्थांत पांढरेपणासाठी टिटॅनियम डायऑक्साइड वापरण्यास युरोपीय संघाने 2022 साली बंदी घातली. एखादा पदार्थ भिंतीवर निरुपद्रवी असला म्हणून तो पोटातही तसाच ठरतो असे नाही.

यावरून या साधनाचे क्षेत्र कोणते हे ठरविता येते. पाणी, रुग्णालयातील पृष्ठभाग, उघड्या जखमा व हिरड्या ही प्रकाशाची क्षेत्रे होत. दंतवैद्यकात मेथिलीन ब्लूसारखे रंगद्रव्य व तांबडा प्रकाश यांचा पूरक उपचार म्हणून उपयोग होतही आहे. कृत्रिम सांध्यावर किंवा हाडात बसविलेल्या पट्टीवर जीवाणू चिकट थर करून राहतात. त्या थरात प्रतिजैविक नीट शिरत नाही आणि पुष्कळदा ती पट्टीच काढून टाकावी लागते. अशा ठिकाणी ध्वनीने जागे होणारे कण उपयोगी पडतील, या आशेने प्रयोगशाळांत व प्राण्यांवर प्रयोग चालू आहेत. मात्र रक्तात भिनलेल्या संसर्गात शत्रू सर्वत्र असतो व त्याच्यावर नेम धरता येत नाही. तेथे आजही प्रतिजैविकांवाचून गत्यंतर नाही.

म्हणून या संशोधनाकडे प्रतिजैविकांचा वारस म्हणून न पाहता त्यांचा भार हलका करणारा सोबती म्हणून पाहणे योग्य ठरेल. जेथे जखम, पाणी किंवा पृष्ठभाग प्रकाशाने अथवा ध्वनीने निर्जंतुक करता येईल, तेथे तेवढे औषध वाचेल. वाचलेले प्रत्येक औषध ज्या रुग्णाला दुसरा उपाय नाही त्याच्यासाठी अधिक काळ गुणकारी राहील. फ्लेमिंग यांनी दिलेला इशारा पाळण्याचा हाही एक मार्ग आहे. दुसरा मार्ग प्रत्येकाच्या हाती आहे: वैद्याच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविक घेऊ नये आणि सांगितलेली मात्रा मनाने कमी करू नये.